आईचं माहेरचं आडनाव

आमच्या घराचं दार वाजलं की कुणी पटकन उठायचं नाही. आई गॅस बारीक करायची, मी आणि ताई बोलता बोलता थांबायचो आणि अण्णा खुर्चीतूनच विचारायचे, “कोण?” बाहेरून “मी” असं उत्तर आलं तर दार उघडत नसे. “मी तर मीसुद्धा आहे. नाव सांगा,” असं अण्णा म्हणत. मग नाव, मग कुणाकडून आलात, मग काय काम, आणि एवढं सगळं झाल्यावर साखळी न काढता दार बोटभर उघडायचं. माझा सख्खा मामा एकदा पेढे घेऊन आला होता, त्याचीही यातून सुटका झाली नाही. तो बाहेरून ओरडला, “दाजी, पेढ्यांचं बी नाव सांगू का?” अण्णा आतून म्हणाले, “कुठल्या दुकानातले ते सांगा.” वसाहतीतले लोक अण्णांना समोर गायकवाडसाहेब म्हणत आणि मागे सीआयडी.

अण्णांची नोकरीच तशी होती. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ते दरबान होते, म्हणजे फाटकावरचे पहारेकरी. आत जाणाऱ्याची काडेपेटी काढून घ्यायची, बाहेर येणाऱ्याचे खिसे आणि डबा तपासायचा, ओळखीचा असो वा साहेब असो. आत एक ठिणगी गेली तर काय होईल हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं, त्यामुळे अण्णांच्या संशयाला कुणी नावं ठेवत नसे. फक्त तो संशय पाळी संपल्यावर फाटकावर ठेवून यायचं त्यांना कधी जमलं नाही. विजेचं बिल भरून झालं की त्याचे बारीक तुकडे करून ते बादलीत भिजवत आणि तो लगदा मिरचीच्या रोपाला घालत. झेरॉक्सच्या दुकानात गेले तर यंत्रापाशी उभे राहून बिघडलेली प्रतही मागून घेत. रेशनकार्डाची प्रत कुठे द्यायची झाली तर तिच्यावर लाल पेनाने आडवं लिहीत, ‘फक्त गॅससाठी’. दुकानदार एकदा म्हणाला, “अहो गायकवाड, तुमचं रेशनकार्ड चोरून मी काय राजा होणार आहे?” अण्णा म्हणाले, “राजा नाही, गायकवाड होशील. एक आहे तेवढा पुरे.” आज बँकेपासून मोबाइलच्या दुकानापर्यंत सगळे तेच शिकवतात, प्रतीवर कारण लिहा, तारीख टाका. तेव्हा मात्र आम्हा दोघी बहिणींना दुकानात त्यांच्या शेजारी उभं राहायची लाज वाटायची.

ते घर मला अजून आवाजांनी आठवतं. सकाळी कारखान्याचा भोंगा, मग स्टेशनवरून सुटणारी गाडी, आणि दुपारी कधीतरी लांबच्या मैदानावर चाचणी चालली की भांड्यांच्या मांडणीतली ताटं हलकेच किणकिणायची. आई म्हणायची, “झालं यांचं सुरू.” आईच्या हातची सुकटीची चटणी आणि ज्वारीची भाकरी हे आमचं नेहमीचं जेवण, रविवारी मटण, आणि बुद्धपौर्णिमेला खीर. तेव्हाच्या खिरीला वेलदोड्याचा वास जरा जास्तच असायचा, कारण आई वेलदोडे हात राखून टाकायची नाही. ती एकच गोष्ट आमच्या घरात मोकळ्या हाताने होत असे.

मी कॉलेजात होते आणि करुणाताई नुकतीच हिंजवडीच्या एका कंपनीत लागली होती त्या वर्षाबद्दल मी लिहिते आहे. आमच्या वस्तीतली ती पहिली मुलगी जिला न्यायला कंपनीची बस येत असे. तिकडे तेव्हा अजून शेतं होती आणि त्यांच्यामध्ये काचेच्या इमारती. ताई संध्याकाळी परत यायची तेव्हा तिच्या ओढणीला बसमधल्या गार हवेचा वास असायचा. अण्णांची निवृत्ती तोंडावर आली होती. निवृत्त झालं की सरकारी क्वार्टर सोडायचं, आणि आम्हाला दुसरं घर नव्हतं. गावाकडेही आमचं काही नव्हतं. तेव्हा ठरलं होतं ते असं, की बिबवेवाडीत एक छोटा फ्लॅट घ्यायचा आणि त्यासाठी कर्ज ताईने काढायचं, कारण पगाराची पावती तिच्याकडे होती. घराच्या कागदावर नाव तिचं लागणार होतं. अण्णा हे वाक्य उगाचच पुन्हा पुन्हा म्हणत, “घर करुणाच्या नावावर.” त्यांच्या वडिलांच्या नावावर कधी उभं राहण्यापुरती जमीनही नव्हती.

त्याच वर्षी ताईसाठी स्थळं बघायला सुरुवात झाली. आमच्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा दर वर्षी भरे आणि मेळाव्याआधी एक पुस्तिका निघे. तिच्यासाठी विहारातले मोरेसर, म्हणजे निवृत्त शिक्षक आणि सगळ्यांचे सर, घरोघरी माहिती गोळा करत फिरत. ते आले की अण्णा साखळी काढून दार पूर्ण उघडत. “जय भीम, सर, या.” चहा, खारी, आणि मग अण्णा स्वतः वळणदार अक्षरात ताईची माहिती लिहून देऊ लागले. पूर्ण नाव, जन्मतारीख, शिक्षण, कंपनी, पगार, पत्ता, घरचा फोन. जन्मवेळेच्या रकान्याशी ते थांबले. “आपल्यात पत्रिका बघत नाहीत. वेळ कशाला?” सर म्हणाले, “रकाना रिकामा बरा दिसत नाही, साहेब.” अण्णांनी वेळ लिहिली. मग मामाचं कूळ, म्हणजे आईचं माहेरचं आडनाव आणि गाव. ते तर लिहावंच लागतं, नाहीतर नात्यातच सोयरीक ठरायची. लिहिलेलं त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं आणि आईला म्हणाले, “बघ, कशी भरगच्च दिसते आपली पोर.” पुस्तिका छापून आल्यावर त्यांनी ती शेजारी दाखवली.

इथे थोडं आजचं सांगते. परवाच आमच्या कुटुंबाच्या मोबाइलच्या गटावर कुणीतरी भाचीचा बायोडाटा टाकला, आणि त्याच्या मागोमाग तिच्या आधारकार्डाचा फोटो, ‘खात्री पटावी म्हणून’. मी लगेच फोन करून तो काढायला लावला. त्या घरात मला आता सीआयडी म्हणतात म्हणे. म्हणोत.

कर्जाचा अर्ज करायला ताई आणि अण्णा बँकेत गेले ते मंगळवारी, आणि परत आले तेव्हा ताईच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. आई पाणी घेऊन पुढे आली तर अण्णा म्हणाले, “आधी दार लाव.” मग त्यांनी सांगितलं. ताईच्या नावावर त्याच बँकेत आधीच एक कर्ज होतं. काही महिन्यांपूर्वी काढलेलं, आणि हप्ते थकलेले. नवं कर्ज मिळण्याचा प्रश्नच नव्हता. ताई म्हणत होती, मी कुठलंही कर्ज काढलेलं नाही. बँकेतल्या अधिकारी बाईंनी कागद बघून सांगितलं होतं की ते फोनवरून काढलं आहे. बँकांनी तेव्हा ही नवी सोय काढली होती. नंबर फिरवायचा, पलीकडून खात्री करायला काही प्रश्न विचारतात, उत्तरं बरोबर आली की माणूस खरा. ताईच्या खात्यावर एका बाईने फोन करून आधी पत्ता आणि मोबाइल नंबर बदलून घेतला होता, आणि मग पगारदारांना मिळतं ते घरबसल्या कर्ज. त्याचा चेक त्या नव्या पत्त्यावर गेला होता.

“उत्तरं सगळी बरोबर होती म्हणे,” अण्णा म्हणाले. “जन्मतारीख बरोबर. आणि तो शेवटचा खास प्रश्न, आईचं माहेरचं आडनाव. तेही बरोबर. ओव्हाळ. बाहेरच्या कुणाला माहीत असणार ते?”

ताई सावकाश म्हणाली, “म्हणजे तुम्हाला काय म्हणायचंय, अण्णा?”

“मी काही म्हणत नाही. मी विचारतो.”

पण अण्णांचं विचारणं काय असतं ते मला ठाऊक होतं. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात, आमच्याकडे दोन दिवसांत फिरले. अण्णांनी आधी माझ्यावर संशय घेतला. मला फोनच्या शेजारी बसवून म्हणाले, “मी बँकेतून बोलतोय असं समज आणि ताईच्या आवाजात बोलून दाखव.” मी बोलले, त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “जा.” मला हसावं की रडावं कळेना. आईचा संशय हिंजवडीच्या बसवर. तिच्या मते एवढ्या गार हवेत बसून येणाऱ्या मुली काय काय शिकत असतील कुणाला ठाऊक, एखाद्या मुलासाठी काढलं असेल कर्ज आणि सांगायची हिंमत होत नसेल. हे ती ताईला ऐकू जाईल अशा बेताने कुजबुजायची. घरात चार माणसं आणि चारही जण एकमेकांच्या पाठीकडे बघत होती.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी ताई कामावरून आली आणि दारातच अण्णा उभे होते. घरच्या बनियनमध्ये होते, पण उभे राहिले होते ते फाटकावर राहतात तसे, पाय फाकून. “पर्स ठेव इथे,” ते म्हणाले. ताईने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि पर्स टेबलावर ठेवली. अण्णांनी एकेक वस्तू बाहेर काढली. कंगवा, डब्यातला चमचा, कंपनीचं ओळखपत्र, सर्दीच्या गोळ्या, अर्धा खाल्लेला चिक्कीचा तुकडा. प्रत्येक वस्तू ते उलटीसुलटी करून बाजूला मांडत होते. मग वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं हाताला लागलं आणि त्यांनी ते उलगडायला घेतलं. ते महिन्याच्या वेळचं होतं. अण्णांचा हात थांबला.

ताई म्हणाली, “उघडा ना. आणि अण्णा, तुमच्या फाटकावर बायकांना बायका तपासतात ना? मग आईला बोलवा. राहिलेलं तिला तपासू दे.”

आवाज चढवला नव्हता तिने. अण्णा मागच्या अंगणात गेले आणि मिरचीच्या रोपाशी उभे राहिले. आईने वस्तू भरायला हात पुढे केला तर ताई म्हणाली, “राहू दे, मी भरते.” मला त्या वेळी अण्णांचा इतका राग आला होता की त्या रात्री मी त्यांचं ताट वाढलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती आमच्याच घरात चालली होती, आणि फाशी देणारा माझा बाप होता.

दुसऱ्या दिवसापासून ताईने एक नवं सुरू केलं. घरात आली की चप्पल काढायच्या आधी टेबलापाशी जायची, पर्स उलटी करायची, सगळ्या वस्तू ओळीने मांडायची आणि बाजूला उभी राहायची. कुणी बघो न बघो. मग सगळं भरून आत जायची. पहिल्या दिवशी अण्णा म्हणाले, “हे कशाला?” ती म्हणाली, “नियम म्हणजे नियम.” नंतर अण्णा तिची बस यायच्या वेळेला घरात थांबेनासेच झाले. काहीतरी आणायला म्हणून बाहेर पडत आणि रिकाम्या हाताने परत येत. त्यांच्याशी ती कामापुरतं बोलायची, नेहमीसारखं अहो-जाहो करूनच, पण अण्णा हा शब्द तिने वापरायचं सोडलं होतं. त्यांच्या निवृत्तीची तारीख जवळ येत होती, क्वार्टर सोडायचं पत्र आलं होतं, आणि या घराला चिंता घराची राहिलीच नव्हती. ताईवरचा डाग पुसला जाणार की नाही, एवढीच एक गोष्ट सगळ्यांच्या मनात होती आणि तीच कुणी बोलत नव्हतं.

मग एका रविवारी, आई मटणाला वाटण लावत असताना, फोन वाजला. अण्णांनी नेहमीप्रमाणे आधी “कोण?” विचारलं. पलीकडची बाई इतक्या मोठ्याने बोलत होती की मला शेजारी बसून सगळं ऐकू येत होतं.

“जय भीम! गायकवाडसायबांचंच घर ना? मी साताऱ्याकडनं बोलतीय. तुमची करुणा हाय ना, इंजिनेर, तिच्यासाठी इचारायचं होतं. आमचा पोरगा बँकेत हाय.”

“जय भीम. बोला.”

“न्हाई, एकच शंका हाय बघा. तुमच्या मिसेसचं म्हायेर ओव्हाळांचं ना? आन माझ्या जावंचं म्हायेर बी ओव्हाळांचंच. म्हनून म्हनलं आदी इचारावं, नात्यात तर येत न्हाई ना पोरगी? जन्म पाटंचा हाय तिचा, त्ये बी बगितलं. आमी मानत न्हाई वो, पर पोराच्या आत्याला लई हौस.”

अण्णांच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ थांबली. त्यांनी विचारलं, “बाई, तुम्ही मला ओळखता?”

“न्हाई की. कशी वळखनार?”

“मग माझ्या बायकोचं माहेर तुम्हाला कुणी सांगितलं?”

“अवं, पुस्तकात छापलंय की समदं! पगार बी छापलाय. ते पुस्तक माज्या बहिनीकडं व्हतं, तिला शेजारनीनं दिलं. हिकडं घरोघर हाय. रद्दीत बी गावतंय.”

अण्णांनी तिला नीट उत्तर दिलं, नात्यात येत नाही, मी नंतर फोन करतो. रिसीव्हर ठेवला. आई स्वयंपाकघरातून विचारत होती, कुणाचा होता, काय म्हणत होते. विजेच्या बिलाचा लगदा करणाऱ्या माणसाने आपल्या मुलीची जन्मतारीख, पत्ता, पगार आणि तो एक खास प्रश्न, सगळं स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहून गावोगाव वाटलं होतं. वाटताना वर चहाही पाजला होता. ताई आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. अण्णा उठले, तिच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “मीच दिलं सगळं. मीच लिहून दिलं.” ताईने घडी थांबवली नाही. ती म्हणाली, “मला सोमवारी बँकेत जायचंय. तुम्ही याल?” तेवढंच. त्यांना वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं ते पुढे कितीतरी वर्षांनी माझ्याकडे बोलले.

सोमवारी मीही गेले. अण्णांनी पुस्तिका नेली होती. त्यांनी अधिकारी बाईंसमोर ते पान उघडून ठेवलं. “बाई, तुमची बँक ज्याला गुपित समजते ना, ते आमच्यात लग्नासाठी सगळ्यात आधी सांगतात.” त्या बाई सदाशिव पेठेतल्या असाव्यात, बोलणं तसंच तोलूनमापून. आधी त्या थोड्या हसल्या. “आमच्यातही मामेकुळ छापतातच की,” असं म्हणाल्या, आणि मग त्यांचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी पान पुन्हा वाचलं. “माझंही छापलं होतं,” त्या म्हणाल्या, आणि वरिष्ठांना बोलवायला उठल्या.

पुढचं सोपं नव्हतं. पोलिसांत तक्रार, मग बँकेच्या फेऱ्या. बदललेल्या पत्त्यावर एक भाड्याची खोली निघाली, ती केव्हाच रिकामी झाली होती, आणि ती बाई कोण हे कधीच कळलं नाही. आजही एखाद्या लग्नात कुणी अनोळखी बाई आईच्या माहेराची चौकशी करायला लागली की माझ्या अंगावर काटा येतो. अण्णा निवृत्त झाले, आम्ही क्वार्टर सोडलं आणि बिबवेवाडीतच दोन भाड्याच्या खोल्यांत आलो. भोंगा नव्हता, गाडीचा आवाज नव्हता, आणि खालच्या पिठाच्या गिरणीने सगळं घर पांढरं व्हायचं. त्या बाईच्या फोनचं बँकेकडे असलेलं रेकॉर्डिंग बँकेने पुन्हा ऐकलं, पत्त्याची चौकशी झाली, आणि अखेर ताईच्या नावावरचं ते कर्ज खोटं ठरवून काढून टाकलं. पुढे घरही झालं, तिच्याच नावावर. पर्स मांडणं तिने केव्हा बंद केलं ते मला सांगता येणार नाही, आम्ही कुणीच त्याबद्दल कधी बोललो नाही.

पण नाव साफ झालं त्या दिवशीचं मला लख्ख आठवतं. अधिकारी बाईंनी पत्र दिलं आणि म्हणाल्या, “आता तुमचा खास प्रश्न बदलून घेऊ. खरं उत्तर द्यायचं असं काही बंधन नाही बरं का. जे कुणाला सुचणार नाही ते सांगा, फक्त तुम्हाला लक्षात राहील असं.” ताईने विचार केला आणि टेबलावर वाकली. अण्णा तिच्या शेजारी बसले होते. ते उठले, दोन पावलं लांब गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. उभ्या नोकरीत त्यांनी कुणाकडे पाठ केलेली नव्हती. ताईने बाईंच्या कानाशी काहीतरी सांगितलं, बाईंनी मान हलवली, आणि काम झालं.

बाहेर रस्त्यावर ऊन होतं. आम्ही तिघे बसथांब्यावर उभे होतो. अण्णांच्या मनात काय चाललं होतं कोण जाणे, एकदम म्हणाले, “करुणा, ते उत्तर कुणालाही सांगू नकोस. आईला नाही, हिला नाही. उद्या लग्न झालं तर नवऱ्यालाही नाही.” मग, अगदी हळू, “मलाही नाही.”

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. किती तरी महिन्यांनी तिने तो शब्द उच्चारला.

“तुम्हाला तर नाहीच, अण्णा,” ती म्हणाली, आणि बस आली म्हणून पुढे झाली.